बाबांनी नापास केलेला शर्ट

महिलांच्या परिषदेच्या दारात दोन टेबलं मांडून गळ्यात अडकवायच्या पाट्या वाटायचं काम चाललं होतं. सूनबाईच्या पाटीवर नावाखाली 'संस्थापक' असं छापलं होतं आणि सासूबाईंच्या पाटीवर नुसतं 'सोबत'. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ती पाटी दोनदा वाचली.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "इतकं खरं माझ्याबद्दल अजून कुठल्याच कार्डावर आलं नव्हतं."

त्यांच्या कडेवरच्या सात महिन्यांच्या पिटुकलीनं त्या पाटीची दोरी लगेच तोंडात घातली. सूनबाईनं ती काढली, रुमालानं पुसली, आणि दोरीचा रंग जातो का ते बोट ओलं करून बघितलं. दोरी किती जणींच्या हातातून आली असेल, हा विचार मनात आला तो दिवसभर गेला नाही. पिटुकली बाटलीला तोंड लावत नसे. दर अडीच तासांनी तिला आई लागे, आणि म्हणून सासूबाई सोबत होत्या. आत जाताना पिशव्या तपासणाऱ्या बाईनं सासूबाईंच्या पर्समधली छोटी कात्री काढून घेतली. तीस वर्षं ती कात्री त्यांच्या पर्समध्ये होती. बँकेत दागिने ठेवावेत तशा चेहऱ्यानं त्यांनी ती त्या बाईच्या हवाली केली आणि पावती मागितली.

सूनबाईचा धंदा एका हातानं घालता येणाऱ्या शर्टांचा होता. तो तिनं शोधून काढला नव्हता, तिच्या घरात घडला होता. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. बाबा जन्मभर कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणं हे त्यांचं कामच. अशा माणसाला रोज सकाळी शर्ट चढवताना घरातल्या सगळ्यांना घाम फुटे. शेवटी एक दिवस सासूबाईंनी, ज्यांचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं, बाबांचा चांगला शर्ट टेबलावर आडवा घातला आणि गळ्यापासून उजव्या खांद्यावरून थेट बाहीच्या टोकापर्यंत कापून टाकला. बाबा बघतच राहिले. कापलेल्या कडांना सासूबाईंनी टिचबटणं लावली आणि बटणं ओढायला कापडी फास शिवले. आजारी हात उघड्या बाहीत नुसता ठेवायचा, आणि दुसऱ्या हातानं छातीवरून पलीकडे जाऊन गळ्यापासून एकेक बटण टिचकत यायचं.

झटक्यानंतर बाबांचे सगळे शब्द गेले होते. परत आलेला तिसरा की चौथा शब्द 'नापास' होता आणि तो त्या शर्टाला होता. फास फार लहान होते. सासूबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडल्या आणि मग बाहेर येऊन फास मोठे केले. तेव्हापासून घरचा नियमच झाला. नवा नमुना शिवला की तो आधी बाबांच्या अंगावर जायचा, समोर भिंतीवरचं घड्याळ, आणि बाबा म्हणतील ते वहीत लिहायचं. पास झाला तरच पुढचे शर्ट बेतायचे.

शेजारच्यांना, ओळखीच्यांना, त्यांच्या ओळखीच्यांना देता देता पुढच्या खोलीत कामाला दोन शिवणाऱ्या बायका आल्या. सूनबाईनं बाळंतपणाच्या रजेत कापणं-शिवणं सोडून बाकी सगळं अंगावर घेतलं. पण ओळखीचे लोक काही रोज नवे होत नाहीत. एखाद्या इस्पितळानं एक वॉर्डभर तरी शर्ट वापरून बघितले, तरच या कामाला पुढे रस्ता होता. इकडे तिच्या कचेरीतून पत्र आलं होतं की रजा संपली, जागा राखून ठेवली आहे, रुजू होणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवा. आज शनिवार. सूनबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं: आज एक वॉर्ड मिळाला तर पुढची खोली चालू, नाही तर सोमवारी कचेरीला 'हो' कळवायचं. हे तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, आणि त्यालाही अर्धवटच.

आत सभागृह असं मोठं, की टोकाच्या बायका बाहुल्यांएवढ्या दिसत होत्या. डॉक्टर, वकील, बँकवाल्या, कारखानदारणी, विमान चालवणाऱ्या दोघी, सगळ्या एकमेकींच्या छातीवरच्या पाट्या वाचत बोलत होत्या. त्यामुळे जिकडेतिकडे माना खाली घातलेल्या, जणू काहीतरी हरवलंय आणि सगळ्या मिळून शोधताहेत. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर 'आज महिलांसाठी' असा कागद डकवला होता आणि तरीही दोन्हीकडे रांगा होत्या. व्यासपीठावरून कुणीतरी सांगत होतं की स्वतःसाठी वेळ काढा. सूनबाईनं घड्याळात बघितलं. पिटुकलीच्या दुधाला एक तास दहा मिनिटं होती.

दालनाच्या एका बाजूला भेटींची टेबलं होती. आधी नाव नोंदवलेलं असेल तर ज्यांना भेटायचं त्यांच्याशी दहा मिनिटं, मग घंटा. चौदा नंबरच्या टेबलाशी मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या त्या मुख्य परिचारिका, आणि झटक्याच्या रुग्णांचा वॉर्ड त्यांच्या हाताखाली. सूनबाईनं या दहा मिनिटांसाठी महिनाभर आरशासमोर बोलून बघितलं होतं. तिनं सुरुवात केली, "आमचा उद्देश असा की..." तेवढ्यात सिस्टरनी हात वर केला.

"उद्देश राहू दे. शर्ट द्या, मी घालून बघते."

त्यांनी डावा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला आणि उजव्या हातानं शर्ट उचलला. डोकं गळ्यातून गेलं. मग त्यांनी लोंबता डावा हात डाव्या बाहीत घालायचा प्रयत्न केला. ती बाही बंद होती. कोपर अडकलं. त्यांनी शर्ट फिरवला, ओढला, पुन्हा फिरवला. आपल्याच उजव्या खांद्यावरची बटणं उजव्याच हातानं लावायला गेल्या, तेव्हा त्यांची पंख मुडपलेल्या कोंबडीसारखी अवस्था झाली. सूनबाईच्या तोंडातून निघून गेलं, "सिस्टर, तो नाही. आजारी हात उजवा."

सिस्टर थांबल्या. "कुणाचा?"

सूनबाईनं शर्टाकडे बघितलं, मग सिस्टरच्या लोंबत्या डाव्या हाताकडे.

"घरी झटका कुणाला आलाय?" सिस्टरनी शर्ट डोक्यावरून काढत विचारलं, आता जरा मऊ आवाजात.

"सासऱ्यांना."

"उजवी बाजू गेली."

"हो."

"दिसतंय." त्यांनी शर्टाची घडी अगदी नीट घातली, इस्पितळात घालतात तशी. "शिवलाय फार चांगला. कुणासाठी तरी शिवलाय हे कळतं. पण माझ्या वॉर्डात आज सोळा जण आहेत, आणि त्यातल्या नऊ जणांची डावी गेलीय."

घंटा झाली. पाठीमागे पुढची बाई येऊन उभीच होती. सिस्टर टेबलावरच्या स्वयंसेविकेला सांगत होत्या की चारला त्या निघतील, त्यांची ड्युटी आहे. सूनबाई उठली. ती शर्ट छातीशी धरून चालत सुटली.

मातांसाठी ठेवलेली खोली जिन्याखालच्या बोळात होती. तिथे सासूबाई पिटुकलीला मांडीवर थोपटत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत एक वकीलबाई दूध काढायचं यंत्र लावून, फोन कानाशी धरून, कुणाला तरी तारीख मिळणार नाही असं ठणकावत होत्या. खिडकीशी एक पूल बांधणारी इंजिनिअर, तिची जुळी मुलं झोपली म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होती. सूनबाईनं पिटुकलीला पदराखाली घेतलं आणि खाली बघतच सगळं सांगितलं. तीन वर्षं आपल्या घरात 'आजारी हात' म्हटलं की उजवा. शिवणाऱ्या दोघी तपासून बघायच्या तर पट्टी उजव्याच हाताला बांधायच्या. ती स्वतः बांधायची तर उजव्याच. डावा हातही जाऊ शकतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आई, त्या ग्रंथालयातल्या बाईंच्या भावाचा शर्ट दोनदा परत आला," ती म्हणाली. "आपण दोन्ही वेळा एक माप मोठा पाठवला."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "तिसऱ्यांदा त्यांनी परत केला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे कपाटात पडला असेल. घरी गेलो की पहिला फोन त्यांना."

मग त्यांनी शर्ट हातात घेतला. आधी हातभर लांब धरून, मग जवळ आणून, कडा उलटून बघितल्या. बाबांच्या कातडीला शिवण टोचते म्हणून त्या प्रत्येक शिवण दुमडून, बंद करून घालत. शिवणाऱ्या दोघी त्यावरून त्यांना हसत, की आत कोण बघायला येणार आहे. कापडही दोन्हीकडून सारखंच होतं. सासूबाईंनी गळ्यातून हात घातला, बाहीचं टोक पकडलं, आणि एका झटक्यात शर्ट उलटा केला. पुढचा भाग पुढेच राहिला आणि उजव्या खांद्यावरची फट डाव्या खांद्यावर आली.

सूनबाई बघत राहिली. पिटुकलीनंसुद्धा पिणं सोडून मान वळवली.

"बटणं बसतात," सासूबाई टिचकून बघत म्हणाल्या. "पण फास आत गेले. ते काढून दुसऱ्या कडेवर घ्यावे लागतील. नऊ आहेत. माझी कात्री त्या बाईकडे."

सुई-दोरा पर्सच्या अस्तराला टोचलेला होता, तो कुणी नेला नव्हता. टाके उसवायला त्यांनी पिटुकलीच्या दुपट्याची सेफ्टी पिन घेतली. दोरा तोडायला वकीलबाईंनी फोन न सोडता पर्समधून नखं कापायचं कटर काढून पुढे केलं. इंजिनिअर खिडकीपासून उठून हलक्या पावलांनी आली आणि कुजबुजत विचारू लागली की ओढ नेमकी कुठे येते, कडेवर की बटणावर. बटणावर म्हटल्यावर तिनं सुचवलं की मग टाका सरळ नको, फुलीचा घाला. सासूबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. त्या शिवणात कुणाचं ऐकत नसत, पण फुली घातली.

"तुमचे पूल पडत नसतील," त्या म्हणाल्या.

"अजून तरी नाही, मावशी."

पाचवा फास चालू असताना सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारचं मला माहितीये."

सूनबाईनं दचकून वर बघितलं. पत्र तिनं दुपट्यांच्या खाली ठेवलं होतं. आणि दुपट्यांच्या घड्या घरात कोण घालतं, हे तिला तेव्हा कसं आठवलं नाही?

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू बोलली नाहीस म्हणून." त्यांनी दोरा ओढून घेतला. "तुला कचेरीत जायचं असेल तर जा. पिटुकलीला मी बघेन, शर्ट काय, होतील तेवढे होतील. तोंड वाकडं करणार नाही. पण चूक निघाली म्हणून जाऊ नकोस. नापास झालेला शर्ट आपण कधी फेकून दिलाय का?"

सूनबाईनं मान हलवली. बोलली असती तर रडली असती, आणि वकीलबाईंचा फोन नुकताच संपला होता. खोलीत अगदी शांतता होती. मग तिनं पर्समधून पेन काढलं, सासूबाईंच्या गळ्यातली पाटी ओढून घेतली, आणि 'सोबत'च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं: 'आणि कापणी, शिवण, सगळं.'

"आता खरं कमी झालं," सासूबाई म्हणाल्या. पण पाटी पुसली नाही.

शेवटचा फास लागला तेव्हा पावणेचार झाले होते. चौदा नंबरचं टेबल रिकामं होतं. सूनबाई पिटुकलीला कडेवर घेऊन पुढे, सासूबाई शर्ट घेऊन मागे, अशा दोघी त्या भल्यामोठ्या दालनात पाट्या वाचत फिरल्या. व्यासपीठावर समारोपाचं भाषण सुरू झालं होतं. सूनबाईला दर दुसरी बाई सिस्टर वाटत होती. धीर सुटायच्या बेतात असताना सासूबाईंनी तिचा दंड धरला आणि हनुवटीनं दाखवलं. 'आज महिलांसाठी' लिहिलेल्या दारासमोरच्या रांगेत मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. पुढे दहा-बारा जणी, मागे तेवढ्याच. कुठे जायची सोय नव्हती.

"सिस्टर," सूनबाई म्हणाली. आरशासमोरची सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "आमची चूक होती. एकदा डाव्याचा बघता का?"

सिस्टरनी घड्याळ बघितलं, रांग बघितली, पिटुकलीकडे बघितलं. "द्या," त्या म्हणाल्या आणि डावा हात मेल्यासारखा सोडून दिला.

डोकं गळ्यातून गेलं. उजवा हात बंद बाहीतून सरळ बाहेर आला. मग त्या हातानं त्यांनी उघडी डावी बाही ओढून घेतली, लोंबता हात त्यात ठेवला आणि गळ्यापाशी पहिला फास चाचपला. टिच. दुसरा. टिच. रांग एक पाऊल पुढे सरकली, सिस्टरही सरकल्या. तिसरा फास हाताला लागेना. सासूबाईंचे हात आपोआप पुढे झाले. सूनबाईनं नुसतं बघितलं, तसे त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले. घरी बाबांच्या वेळीही त्या असंच करत. मागच्या बायकाही आता बोलायच्या थांबल्या होत्या. सिस्टरनी श्वास सोडला, बोट खाली घेतलं, फास सापडला. टिच. पुढचे सहा भराभर लागले.

"लेबल बाहेर आलंय," सिस्टर म्हणाल्या.

"हो," सूनबाई म्हणाली. "आणि खिसा आत गेलाय."

"उलटा केलाय हा." त्यांनी खांद्यावरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग सासूबाईंच्या गळ्यातली पाटी वाचली, छापलेलं आणि लिहिलेलं दोन्ही. "तुम्हीच का? आतून इतकं नीट कुणी शिवत नाही."

"त्यांना टोचायचं," सासूबाई म्हणाल्या.

 एकेक फास ओढून सिस्टरनी शर्ट उतरवला. उतरवणं घालण्याहून सोपं गेलं. रांग आता दारापर्यंत आली होती. शर्ट परत देताना त्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, "सहा उजवे, सहा डावे. गुरुवारी वॉर्डात घेऊन या, महिनाभर वापरून बघू. माझी माणसं अवघड आहेत, चुका काढतील."

"काढू दे," सूनबाई म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

सिस्टर आत गेल्या. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, आणि मागच्या बाईनं विनयानं विचारलं की तुम्हीही रांगेत आहात का. सूनबाईला हसू आलं ते आवरेना. बाहेर पडताना सासूबाईंनी पावती दाखवून कात्री घेतली, उघडून-मिटून बघितली, आणि मगच पर्समध्ये ठेवली.

घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळ होत होती. ग्रंथालयातल्या बाईंना फोन झाला. शर्ट खरंच कपाटात होता. "काही बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना फोनवरच शर्ट उलटा करायला लावला आणि फास शिवायला उद्या स्वतः येते म्हणून सांगितलं. कचेरीच्या पत्राला उत्तर द्यायला सूनबाईनं सोमवारची वाट बघितली नाही. दोन ओळींचं उत्तर लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि त्यानं काही म्हणायच्या आत पाठवून दिलं.

बाबा भिंतीवरच्या घड्याळासमोरच्या खुर्चीत वाट बघत बसले होते. दिवसभर घर सुनं होतं आणि कुणीतरी काहीतरी तपासायला आणेल अशी त्यांना खात्री होती. सूनबाईनं उलटा शर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोकं घातलं. आजारी हात त्यांनी सवयीनं उजव्या बाहीत ठेवायला नेला, बाही बंद. उघडी डावी बाही चांगल्या हाताखाली नुसतीच लोंबली. खांद्यावरचे फास डाव्या हाताच्या अगदी जवळ होते आणि तरी हाताला लागत नव्हते. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तीन वर्षांत इतका वाईट शर्ट त्यांच्यासमोर आला नव्हता. सासूबाई, सूनबाई आणि तिचा नवरा तिघंही बघत होते.

"नापास," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी हातातली वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डाव्याचा. पास." आणि तसंच लिहिलं.

बाबांनी रागानं एकेकाकडे बघितलं. इतकी वर्षं तपासनीस म्हणून काढली, पण त्यांचा निकाल त्यांच्या तोंडावर कुणी फिरवला नव्हता. मग त्यांची नजर शर्टावर गेली. डाव्या खांद्यावरची फट, बाहेर आलेलं लेबल, नवे फुलीचे टाके. डाव्या हाताचं बोट त्यांनी त्या फटीवरून हळूहळू टोकापर्यंत नेलं. खोलीत नुसती घड्याळाची टिकटिक आणि पिटुकलीचं पाटीची दोरी चोखणं.

"दुसऱ्याचा," ते म्हणाले.

हा शब्द झटक्यानंतर त्यांच्या तोंडी कुणी ऐकला नव्हता. सासूबाईंनी वही मिटली.

"हो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा."

बाबांनी मान हलवली, पटल्यासारखी. मग लोंबत्या बाहीसकट डावा हात पुढे केला आणि हुकूम सोडला, "काढा. माझा आणा."